पुढचे ब्रेक पॅड दर ८-९ महिन्यांनी संपतायत? नवे पॅड घेण्याआधी कॅलिपरच्या पिना बघा

गाडी २०१० ची पेट्रोल हॅचबॅक, एमएच ०४ पासिंग, बाबांनी शोरूममधून नवी घेतलेली आणि ते रिटायर झाल्यापासून मी चालवतोय. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण दोष मॉडेलचा नव्हताच, पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेल्या कुठल्याही जुन्या छोट्या गाडीत हे होऊ शकतं. (डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी, पॅड तिला दोन्ही बाजूंनी दाबून चाक थांबवतात, आणि ते पॅड धरून दाबणारा भाग म्हणजे कॅलिपर.) रोजचा रूट कासारवडवली ते महापे, म्हणजे घोडबंदर रोडने कापूरबावडी, माजिवडा, तिथून साकेत, कळवा पूल, विटावा आणि मग ठाणे-बेलापूर रोड. ज्यांनी हा रूट केलाय त्यांना वेगळं सांगायला नको, मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून घोडबंदरला पहिला-दुसरा गिअर आणि ब्रेक एवढंच चालू असतं. त्यामुळे पॅड लवकर संपले की जो तो एकच सांगतो, ट्रॅफिक आहे साहेब, संपणारच. मीही दोन वर्षं तेच खरं धरून चाललो आणि त्या दोन वर्षांत जवळपास नऊ हजार रुपये गरज नसताना गेले.

आधी हिशोब सांगतो, कारण सगळा उलगडा त्या हिशोबातूनच झाला. मार्च २०२२ ला ९८,४०० किमीवर पुढचे पॅड बदलले. त्याआधीचा सेट ४१,००० किमी चालला होता आणि त्यातले शेवटचे १५ हजार तर मी ह्याच रूटवर, ह्याच ट्रॅफिकमध्ये चालवलेले. मग डिसेंबर २०२२ ला, १,०९,००० वर, परत पॅड संपले. म्हणजे साडेदहा हजार किमी. ऑगस्ट २०२३ ला १,१७,६०० वर परत, ह्या वेळी डिस्क पण गेली म्हणाले आणि दोन्ही डिस्क बदलल्या. आणि एप्रिल २०२४ ला १,२६,१०० वर पुन्हा तोच चिरकणारा आवाज. ४१ हजार चालणारी वस्तू साडेआठ हजारावर आली आणि रस्ता तोच, चालवणारा तोच, तर मग ट्रॅफिकला दोष कसा देणार? हा प्रश्न मला डिसेंबर २०२२ मध्येच पडायला हवा होता.

पॅडच्या आवाजाबद्दल थोडं, कारण बरेच जण घाबरतात किंवा उलट दुर्लक्ष करतात. बऱ्याच पॅडना एक छोटी पत्र्याची पट्टी असते, पॅडचं मटेरियल साधारण २-३ मिमी राहिलं की ती डिस्कला टेकते आणि बारीक चिरकते, ती वॉर्निंग आहे. तेव्हा गॅरेजला जायला अजून थोडे दिवस मिळतात. पण चिरकणं जाऊन खर्र खर्र असा लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज यायला लागला की मटेरियल संपलेलं असतं आणि मागची प्लेट डिस्क खात असते, तेव्हा गाडी चालवायचीच नाही, जिथे असाल तिथे मेकॅनिक बोलवा. पावसात गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला घासल्यासारखा आवाज येतो, तो मात्र डिस्कवर बसलेल्या गंजाचा असतो, लगेच जातो, त्यासाठी पैसे घालवू नका.

आता लक्षणं, जी मला दिसत होती पण मी एकत्र जोडली नाहीत. पुढचं डावं चाक कायम काळं, ब्रेकच्या भुकटीने रिम माखलेली, उजवं मात्र बऱ्यापैकी स्वच्छ. गाडी सरळ रस्त्यावर किंचित डावीकडे जायची म्हणून दोनदा अलाइनमेंट करून आणलं, ४५० रुपये एका वेळचे. अ‍ॅव्हरेज १४ वरून १२ च्या आसपास आलं, ते मी एसीवर ढकललं. आणि सगळ्यात साधी गोष्ट म्हणजे आमच्या सोसायटीच्या पार्किंगला बेसमेंटचा उतार आहे, तिथे न्यूट्रलला ठेवून ब्रेक सोडला की गाडी आपसूक खाली जायची, ती आता अडून राहायला लागली, थोडी रेस द्यावी लागायची. बाबांनी हे बघितलं होतं आणि मला म्हणालेही, "अरे, गाडी जड झालीय, कुठेतरी ब्रेक पकडून राहतोय." मी म्हटलं जुनी झाली बाबा आता, चालायचंच.

एप्रिलमध्ये आवाज आला तेव्हा आधी एका मोठ्या वर्कशॉपला दाखवली. तिथे इस्टिमेट मिळालं साडेसोळा हजारांच्या आसपास, त्यात दोन्ही कॅलिपर नवीन, डिस्क परत नवीन, पॅड आणि लेबर. आणि वर सल्ला की साहेब, पुढच्या वर्षी पंधरा वर्षं पूर्ण होतील, एवढे पैसे घालण्यापेक्षा काढून टाका. खरं सांगतो, त्या रात्री मी आणि बाबा गाडी विकायच्याच गोष्टी करत होतो. इंजिन ठणठणीत, बॉडीला गंज नाही, आणि फक्त ब्रेकपायी गाडी काढायची हे मनाला पटत नव्हतं. बाबांची सवय अशी की प्रत्येक बिलावर ते पेनने किलोमीटर लिहून प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवतात. ती सगळी बिलं टेबलावर पसरली तेव्हा वर लिहिलेला ४१ हजार विरुद्ध साडेआठ हजारचा हिशोब पहिल्यांदा डोळ्यासमोर आला. मार्च २०२२ च्या आधी सगळं बरोबर होतं, नंतर बिघडलं. मग मार्च २०२२ ला असं काय केलं? बिलात तीनच ओळी होत्या: पॅड १,३५०, लेबर ४००, कॅलिपर ग्रीसिंग १५०. आधीच्या कुठल्याच बिलात ग्रीसिंग नव्हतं. त्या वेळी तरी मला त्यात काही वावगं वाटलं नाही, ग्रीस लावलं म्हणजे चांगलंच केलं असणार, पण बिलाचा फोटो काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या एकाने वागळे इस्टेटमधल्या एका मामांकडे पाठवलं, छोटा गाळा, मागे लेथ मशीन, डिस्क आणि ड्रम फेसिंग करणं, म्हणजे लेथवर घासून सपाट करणं, हेच मुख्य काम. मामांनी गाडी जॅकवर घ्यायच्या आधीच दोन्ही पुढच्या चाकांजवळ हाताची मागची बाजू धरली आणि म्हणाले, "साहेब, डावं तापलंय बघा." खरंच, उजव्या रिमजवळ कोमट आणि डावीकडे हात धरवत नव्हता. हे तुम्ही घरी करू शकता, ४-५ किमी जमेल तितका कमी ब्रेक वापरून चालवा, थांबलात की लगेच दोन्ही बाजूला हात जवळ न्या, रिमला किंवा डिस्कला लावू नका, भाजेल. दोन्ही बाजू सारख्याच गरम असतील तर ठीक आहे, एका बाजूला जास्त असेल तर त्या बाजूला काहीतरी अडकलंय. आणि तापलेल्या डिस्कवर पाणी मारून बघू नका, एकदम थंड झाली तर डिस्क वाकडी व्हायची भीती असते.

मग चाक काढलं, कॅलिपर उघडला आणि मामांनी डाव्या चाकाचे दोन्ही पॅड माझ्या हातात दिले. "जुने पॅड कधी बघितलेत का?" मी म्हटलं नाही, ते गॅरेजवालेच टाकून देतात. "मग आज बघा." आतला पॅड, म्हणजे इंजिनकडच्या बाजूचा, जेमतेम २ मिमी. बाहेरचा ७ मिमी. एकाच चाकाचे, एकाच दिवशी बसवलेले दोन पॅड. उजव्या चाकाचे काढले तर ५ आणि ६, म्हणजे अजून काही महिने चालले असते. तीन वेळा मी आतला एक पॅड संपला म्हणून चारही पॅड फेकून नवे घेत होतो.

हे का होतं ते समजून घ्या, कारण गॅरेजमध्ये बोलताना हेच उपयोगी पडतं. छोट्या गाड्यांना पुढे जो कॅलिपर असतो त्यात पिस्टन एकच असतो आणि तो आतल्या बाजूला. ब्रेक दाबला की पिस्टन आतला पॅड डिस्कवर ढकलतो, आणि त्याच दाबाने अख्खा कॅलिपर उलट्या दिशेला सरकून बाहेरचा पॅड ओढून डिस्कला लावतो. हे सरकणं दोन पिनांवर होतं. पिना मोकळ्या असल्या की दोन्ही पॅड सारखं काम करतात, सारखे झिजतात, आतला एखाद-दोन मिमी जास्त झिजला तरी हरकत नाही. पिन जाम झाली की कॅलिपर सरकत नाही, सगळा भार आतल्या पॅडवर, आणि ब्रेक सोडल्यावर पण कॅलिपर मोकळा होत नाही म्हणून पॅड हलका घासत राहतो, चाक तापतं, अ‍ॅव्हरेज पडतं, गाडी एका बाजूला ओढते. माझी सगळी लक्षणं ह्यात बसली.

वरची पिन हाताने निघाली. खालची निघेचना, पकडीने फिरवत फिरवत काढावी लागली. त्या खालच्या पिनेच्या टोकाला रबराचं बुश असतं, ते भिजवलेल्या हरभऱ्यासारखं फुगलेलं आणि त्याला तपकिरी चिकट ग्रीस. मामांनी ग्रीस बोटावर घेऊन वास घेतला आणि विचारलं, "हे कोणी लावलं? हे बेअरिंगचं ग्रीस आहे." तेव्हा मला मार्च २०२२ च्या बिलातले ते १५० रुपये आठवले. ब्रेकमधलं रबर हे खनिज तेलाला अजिबात टिकत नाही, पेट्रोलियमपासून बनलेलं कुठलंही साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल लागलं की ते तेल शोषून फुगतं. फुगलेलं बुश पिनेच्या भोकात आवळून बसतं आणि पिन जाम. दर वेळी पॅड बदलताना गॅरेजने चांगल्या मनाने परत तेच ग्रीस भरलं असणार आणि दर वेळी ती पिन जास्त आवळत गेली. मला राग आला, अजूनही येतो, कारण मी पैसे वाचवायला कधी बघितलं नव्हतं, जे सांगितलं ते सगळं केलं होतं, आणि त्या गाडीत रोज माझी मुलगी शाळेत जाते.

ह्या जागी लागतं ते सिलिकॉनचं किंवा खास ब्रेकच्या रबरासाठी बनवलेलं ग्रीस, छोटी ट्यूब येते, मला २५० ला मिळाली आणि अजून अर्धी घरी आहे. पिना आणि त्यांची रबरं ‘कॅलिपर पिन किट’ म्हणून मिळतात, दोन्ही बाजूंचे घ्या. माझं एका बाजूचं किट ३८० ला पडलं. पिन गंजलेली किंवा खड्डे पडलेली असेल तर पॉलिश पेपरने घासून परत बसवण्यात अर्थ नाही, नवीनच टाका, आणि वरची-खालची पिन अदलाबदल होऊ देऊ नका कारण बऱ्याच गाड्यांत त्या दोन वेगळ्या असतात. पिनेवरचा बूट, म्हणजे रबरी टोपी, फाटलेला असेल तर आत पाणी जाणारच, आणि आपल्याकडे चार महिने चाकं चिखलपाण्यातच असतात, विटाव्याला रेल्वे पुलाखाली साचलेल्या पाण्यातून तर मी कितीदा गाडी काढलीय. तेव्हा बूट फाटका असताना आत कितीही चांगलं ग्रीस भरलं तरी एका पावसाळ्यात गंज येतो.

मामांनी अजून एक गोष्ट केली जी आधी कोणीच केली नव्हती. पॅडचे दोन्ही बाजूचे कान ज्या खाचेत बसतात तिथली स्टीलची क्लिप काढली, तिच्या मागे गंजाचा थर होता, तो वायर ब्रशने आणि कानशीने साफ केला. त्या गंजामुळे खाच अरुंद होते, पॅड हातोडीने ठोकून बसवावा लागतो आणि मग तो सुटत नाही. पॅड बोटाच्या जोराने खाचेत सरकला पाहिजे. तुमच्या डोळ्यादेखत मेकॅनिक पॅड ठोकून बसवत असेल तर त्याला थांबवा.

पिन जाम हेच कारण दर वेळी असेल असं नाही, म्हणून बाकीच्या शक्यता पण तपासून घेतल्या. एक म्हणजे पिस्टन. पिस्टनभोवती एक रबरी सील असतं, ब्रेक सोडला की तेच पिस्टनला केसभर मागे खेचतं. सील कडक झालं किंवा पिस्टनवर गंज आला की तो मागे येत नाही आणि आतला पॅडच झिजतो, म्हणजे वरून बघितलं तर लक्षण माझ्यासारखंच. तपासायला क्लॅम्पने पिस्टन हळूहळू मागे दाबायचा, सरळ गुळगुळीत गेला तर ठीक, अडत अडत गेला किंवा बाजूने ब्रेक ऑइल पाझरलेलं असेल तर सील किट किंवा कॅलिपर लागेल. माझा व्यवस्थित गेला, म्हणजे वर्कशॉपच्या इस्टिमेटमधले दोन नवे कॅलिपर मला नकोच होते. दुसरं, होज पाइप, म्हणजे कॅलिपरपर्यंत ब्रेक ऑइल नेणारा पाइप. जुना रबरी पाइप बाहेरून छान दिसतो पण आतून सुजलेला असतो, पाय दाबला की प्रेशर जातं पण सोडल्यावर परत येत नाही. ह्याची टेस्ट मला फार आवडली. चाक जॅकवर, ब्रेक दोन-तीनदा दाबून सोडायचा, चाक हाताने फिरवायचं, जाम असेल तर कॅलिपरचं निप्पल (ऑइल आणि हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू) किंचित सैल करायचं. ऑइलची पिचकारी उडून चाक मोकळं झालं तर प्रेशर अडकलं होतं, म्हणजे संशय होज पाइपवर, आणि दोन्ही चाकं तशीच असतील तर मास्टर सिलेंडरवर, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेकला प्रेशर देणाऱ्या भागावर. निप्पल सोडूनही जाम राहिलं तर पिन, पिस्टन किंवा पॅडच्या खाचा. नंतर ब्रेकच्या पाइपात शिरलेली हवा काढून घ्यावी लागते, त्यामुळे ही टेस्ट मेकॅनिककडेच करा.

पॅड कसा झिजलाय त्यावरून पण कळतं. आतला खूप झिजलेला असेल तर पिन किंवा पिस्टन. बाहेरचा जास्त झिजलेला असेल तर बहुतेक वेळा पिनाच. पॅड पाचरीसारखा तिरका, एका टोकाला जाड आणि एका टोकाला पातळ असेल तर दोनपैकी एक पिन जाम. चारही पॅड एकसारखे झिजलेले असतील आणि तरी लवकर संपत असतील, तरच पॅडच्या क्वालिटीवर किंवा चालवण्यावर बोट ठेवा. म्हणून गॅरेजवाल्याला गाडी देतानाच सांगा, जुने चारही पॅड मला हवेत, आणि कुठला कुठे होता ते खडूने लिहून द्या. कोणी नाही म्हणत नाही. घरी प्लॅस्टिकच्या पट्टीने मोजले तरी पुरतं, मागची लोखंडी प्लेट सोडून फक्त मटेरियल मोजायचं. नवा पॅड साधारण १० मिमीचा असतो, ३ ला आला की बदलायचा.

आता पैशांचं, कारण शेवटी सगळे तेच विचारतात. माझं शेवटचं बिल, एप्रिल २०२४: चार पॅड १,७००, दोन्ही बाजूंचं पिन किट ७६०, ग्रीस २५०, ब्रेक ऑइलच्या दोन बाटल्या ४८०, दोन्ही डिस्कचं फेसिंग ७००, लेबर १,२००. एकूण ५,०९०. ह्यातलं लेबर नेहमीपेक्षा जास्त आहे आणि ते मी आनंदाने दिलं, कारण मामांनी अर्धा दिवस घातला. त्याआधी वाया गेलेले: डिसेंबर २०२२ चे पॅड, लेबर आणि परत तेच ग्रीसिंग मिळून २,०००, ऑगस्ट २०२३ चे पॅड-डिस्क-लेबर ५,९००, दोन अलाइनमेंट ९००. झाले ८,८००. आणि खरी खराब झालेली वस्तू होती ७६० रुपयांची. हे माझ्या गाडीचे आणि तेव्हाचे भाव आहेत, तुमच्या गाडीचे वेगळे असतील. एक चांगलं झालं, २२ सप्टेंबर २०२५ पासून पार्टवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, त्यामुळे बिल घेताना जुन्या दराने लावलंय का ते जरूर बघा.

डिस्कबद्दल. बहुतेक डिस्कवर कडेला किंवा मधल्या भागावर कमीत कमी जाडी कोरलेली असते. डिस्क गेली असं कोणी म्हणालं तर मोजून दाखवा म्हणायचं. त्या जाडीच्या वर असेल, तडा नसेल, तर खाचा आणि थरथर फेसिंगने जाते, खाली असेल तर मात्र लेथला लावू नका, बदला, तिथे काटकसर नको. माझ्या डाव्या डिस्कवर तापून निळसर डाग पडले होते पण जाडी भरपूर होती. ऑगस्ट २०२३ ला काढलेल्या जुन्या डिस्क मोजल्या होत्या का, हे मी त्या वेळी विचारलंच नाही.

पॅड घेताना फार स्वस्त, बिनाबॉक्सचे घेऊ नका, हे मी मनापासून सांगतो. ज्या कंपन्या गाडी बनवणाऱ्यांना पॅड पुरवतात त्यांचेच पॅड बाजारात त्यांच्या स्वतःच्या बॉक्समध्ये थोडे स्वस्त मिळतात, ते घ्यायला काही हरकत नाही. मुंबईत ऑपेरा हाऊसच्या पार्ट मार्केटला जाऊन पार्ट आणले तर थोडे वाचतात, पण एका सेटसाठी ठाण्याहून तिकडे जाण्यात अर्धा दिवस आणि तिकीट-रिक्षा जाते, मला परवडत नाही. आणि पॅड कायम दोन्ही बाजूंचे बदला, एकाच चाकाचे बदलले तर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढेल.

ब्रेक ऑइलकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं. ते हवेतलं बाष्प शोषतं आणि आपल्या हवेत बाष्प किती असतं ते सांगायला नको. नवं डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक ग्रेड) किमान २०५ डिग्रीला उकळतं, पाणी शोषलेलं १४० पर्यंत खाली येऊ शकतं, आणि चाक जर तापत असेल तर घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या उतारावर तेच ऑइल उकळून पेडल खाली जाऊ शकतं. दर २ वर्षांनी बदला, टाकीच्या झाकणावर जे लिहिलंय तेच टाका. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं, डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते ह्यात कधीच मिसळायचं नाही. आणि लेव्हल कमी दिसली म्हणून वरून टाकत राहू नका, पॅड झिजले की लेव्हल आपोआप खाली जाते. वरून भरून ठेवलं की नवे पॅड बसवताना पिस्टन मागे दाबला की ते उतू जातं आणि बॉनेटखालचा रंग खातं, माझ्या गाडीवर तो डाग अजून आहे. लीक नसेल तर कमी झालेली लेव्हल म्हणजे आधी पॅड बघ असा इशारा समजा.

गाडी ताब्यात घेताना एक गोष्ट न विसरता करा. पॅड बदलल्यावर पिस्टन मागे गेलेला असतो, पहिल्यांदा पेडल दाबलं की ते सरळ तळाला जातं. गाडी जागेवर उभी असतानाच चार-पाच वेळा दाबून पेडल कडक झाल्याशिवाय गिअर टाकायचा नाही, मग मेकॅनिक कितीही म्हणू दे की मी बघितलंय. गॅरेजच्या दारातच रिक्षा, स्कूटर, माणसं उभी असतात. नंतरचे २००-३०० किमी जोरात ब्रेक टाळा. नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून मी रविवारी सकाळी सहाला ठाणे-बेलापूर रोडला गेलो, मागे कोणी नसताना ६० वरून २० पर्यंत असा मध्यम ब्रेक आठ-दहा वेळा मारला, पूर्ण न थांबता, मध्ये थंड व्हायला वेळ देत. घोडबंदरला हे जमणं शक्यच नाही. आणि पॅडची भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू देऊ नका, जुन्या पॅडमध्ये काय काय असतं सांगता येत नाही, ओल्या फडक्याने पुसायला सांगा, तुमच्यासाठी आणि तिथे रोज काम करणाऱ्या पोरांसाठी पण.

घरी परत आलो त्या संध्याकाळी बाबा खाली उभेच होते. रॅम्पच्या तोंडाशी न्यूट्रल केलं, ब्रेक सोडला आणि गाडी आपली आपण खाली गेली. बाबा काही बोलले नाहीत, बिल मागितलं, त्यावर १,२६,१०० लिहिलं आणि खाली कंसात ‘पिन’.

२०२५ मध्ये पंधरा वर्षं झाली तेव्हा रजिस्ट्रेशन रिन्यू करून घेतलं, विकली नाही. आता त्या सेटवर २०,००० किमी झालेत, दोन पावसाळे गेलेत. मे महिन्यात पावसाच्या आधी चाकं काढून पिना बाहेर काढायच्या, पुसायच्या, सिलिकॉन ग्रीस लावून परत टाकायच्या असं ठरवून घेतलंय, मामा दोन्ही बाजूंचे ३०० घेतात. शेवटचं माप डावीकडे आतला ६, बाहेरचा साडेसहा, उजवीकडे दोन्ही साडेसहा. डावा आतला जो अर्धा मिमी मागे आहे त्याच्यावर लक्ष ठेवून आहे, पुढच्या मे मध्ये तो फरक एकच्या वर गेला तर डाव्या पिस्टनचं सील किट टाकून घेणार.